साठ हजार कोटींचं एक रेनडिअर

सात लाख रेनडिअर! आकडा डोळ्यांखालून घालून पुढे जाऊ नका. जरा थांबा, ही जनावरं आपण ओळीनं उभी करू. एका रेनडिअरची लांबी नाकापासून शेपटीपर्यंत साधारण दोन मीटर धरू. पहिलं मुंबई सेंट्रलच्या फलाटावर उभं करा. त्याच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक, दुसऱ्याच्या शेपटीला तिसऱ्याचं. बोरिवली गेलं, विरार गेलं, सुरत गेलं, बडोदा, रतलाम, कोटा, मथुरा! राजधानी एक्सप्रेस रात्रभर धावून जे 1,384 किलोमीटर कापते, तो सगळा लोहमार्ग भरला, नवी दिल्ली स्टेशन आलं, आणि तरीही आपल्या हातात आठ हजार रेनडिअर शिल्लक राहिले!

हा सगळ्या जगातल्या रेनडिअरचा आकडा आहे असं वाटलं असेल तर तो समज आधी काढून टाका. ही फक्त एका प्रांतातली पाळीव जनावरं. रशियाच्या उत्तर टोकाला, सायबेरियात, यमाल-नेनेत्स नावाचा स्वायत्त प्रांत आहे. क्षेत्रफळ 7 लाख 69 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात अडीच महाराष्ट्र बसतील. आणि एवढ्या जागेत माणसं किती? साडेपाच लाखांच्या आसपास. माणसांपेक्षा रेनडिअर जास्त! जगात पाळीव रेनडिअरचा याहून मोठा साठा कुठेच नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडपासून मंगोलियापर्यंत सगळी पाळीव जनावरं एकत्र केली तर आकडा 25 लाखांच्या घरात जातो. त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त माल या एकट्या प्रांतात.

आणि हे कळप एका जागी बांधलेले नाहीत. ते चालतात. हिवाळ्यात दक्षिणेला झाडांच्या आडोशाला, उन्हाळ्यात उत्तरेला समुद्राच्या वाऱ्याला, कारण उन्हाळ्यात डास आणि गोमाश्या जीव नकोसा करतात. नेनेत्स जमातीच्या पशुपालकांची काही कुटुंबं वर्षभरात हजार-बाराशे किलोमीटर चालतात. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर आठ वेळा तो घाट चढायचा-उतरायचा, आणि तोही सगळा संसार घसरगाड्यांवर लादून! वाशांचा तंबू, त्यावर घालायची रेनडिअरची कातडी, लोखंडी शेगडी, भांडी, पोरंबाळं, कुत्री. त्या तंबूला चूम म्हणतात. सांगाडा उभा करायचा, कातडी चढवायची, मधोमध शेगडी पेटवायची, काही दिवसांनी सगळं उतरवून पुन्हा वाटेला लागायचं. मेंढरांमागे देश-कोकण करणाऱ्या आपल्या धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे जगणं परकं वाटणार नाही.

आता या सात लाखांच्या रांगेत एक अगदी बारकी गोष्ट सोडू. मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढी लांब. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. अँथ्रॅक्सचा जिवाणू. आपल्याकडे गुरांना होणाऱ्या या रोगाला पशुपालक फाशी म्हणतात, आणि माणसाच्या कातडीवर उठतो तेव्हा काळपुळी.

2016 चा जुलै. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर असलेल्या यमाल द्वीपकल्पात पारा 35 अंशांवर गेला. विदर्भात 35 अंशांना कुणी उन्हाळा म्हणणार नाही, पण इथली जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा वीतभर ते कमरेइतका थर तेवढा सैल होतो, खाली बारमाही बर्फाचा दगड. त्या वर्षी उष्णतेनं हा थर नेहमीपेक्षा खोल वितळवला. त्याखाली जुन्या साथीत मेलेल्या जनावरांचे अवशेष होते आणि त्यांच्यात कवच घालून टिकून राहिलेल्या जिवाणूंना, म्हणजे बीजाणूंना, उजेड दिसला, असं शास्त्रज्ञ सांगतात. रेनडिअर पटापट कोसळू लागले. काही आठवड्यांत 2,300 हून अधिक जनावरं मेली. नव्वदच्या वर माणसांना रुग्णालयात हलवावं लागलं, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. 36 जणांना रोग झाल्याचं निश्चित झालं. एक मुलगा दगावला. वय वर्षं 12.

या प्रांतात अँथ्रॅक्सची आधीची साथ कधी आली होती? 1941 साली. मध्ये 75 वर्षं गेली! इतक्या काळात आजोबांचे पणजोबा होतात आणि साथ पाहिलेला माणूस तंबूत शोधून सापडत नाही.

आता मोजायला बसू, कारण खरी गंमत इथून पुढे आहे. अँथ्रॅक्सनं मरायला टेकलेल्या जनावराच्या एक मिलिलिटर रक्तात दहा कोटी जिवाणू असू शकतात. एक मिलिलिटर म्हणजे वीसेक थेंब. एका रेनडिअरच्या अंगात सहा लिटर रक्त धरू. सहा लिटर म्हणजे सहा हजार मिलिलिटर. सहा हजार गुणिले दहा कोटी. उत्तर साठ हजार कोटी!

साठ हजार कोटी म्हणजे किती? प्रत्येक जिवाणूला एक रुपया समजा. मुंबई महापालिकेचं 2024-25 चं अंदाजपत्रक 59,954 कोटी रुपयांचं होतं. अख्ख्या मुंबईचं पाणी, रस्ते, कचरा, दवाखाने, शाळा, सागरी किनारा मार्ग, सगळ्याचा वर्षाचा खर्च एका रेनडिअरच्या शिरांमधून वाहतो आहे!

रुपये नको असतील तर प्रवासी घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये रोज 75 लाखांच्या आसपास माणसं चढतात. साठ हजार कोटी प्रवासी वाहून न्यायला लोकलला लागतील 80 हजार दिवस, म्हणजे 219 वर्षं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सुटली 1853 साली. त्या पहिल्याच दिवसापासून आजच्याइतकी गर्दी असती, एकही दिवस संप नसता, एकही दिवस पावसानं रूळ बुडाले नसते, तरी आज हा आकडा गाठायला बरीच दशकं बाकी असती.

आणि हे साठ हजार कोटी तयार व्हायला किती वेळ लागतो? एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असं दुप्पट करत जा. दहाव्या पायरीला हजार. विसाव्या पायरीला दहा लाख. तिसाव्या पायरीला शंभर कोटींच्या वर. आणि चाळिसाव्या पायरीला एक लाख कोटीही ओलांडले! एका जिवाणूपासून साठ हजार कोटींवर जायला चाळीस पायऱ्यासुद्धा पुऱ्या लागत नाहीत. दर तासाला एक दुप्पट धरली तर दोन दिवसांच्या आत काम फत्ते. सोमवारी सकाळी चरणारं जनावर बुधवारी सकाळी आडवं का दिसतं, याचा हिशेब इतका साधा आहे.

आता हे जिवाणू एकापुढे एक मांडू. प्रत्येकी चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा तोच अडीचशेवा भाग. साठ हजार कोटी गुणिले चार मायक्रॉन म्हणजे 2,400 किलोमीटर. एका जनावराच्या रक्तातून निघालेली रेघ मुंबईहून पुण्याला जाईल, परत येईल, पुन्हा जाईल, पुन्हा येईल, अशा पुऱ्या आठ फेऱ्या! एकाच जनावराची ही रेघ. 2016 च्या उन्हाळ्यात मेली 2,300. त्या सगळ्यांची रेघ जोडली तर 55 लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. ही रेघ चंद्रावर जाऊन परत येते, एकदा नव्हे, सात वेळा! आणि एवढं करून त्या रेघेची जाडी अशी की ती तुमच्या डोळ्यांसमोरून गेली तरी दिसणार नाही.

हे जिवाणू असेच राहिले असते तर फारसं बिघडलं नसतं. जनावर मेलं, पोट फुगलं, आतल्या आत कुजलं की त्यांतले बहुतेक मरून जातात. पण रक्ताला हवा लागली की त्यांचं रूप पालटतं. जिवाणू स्वतःभोवती कवच घालून घेतो आणि बीजाणू होऊन बसतो. खात नाही, वाढत नाही, मरत नाही. थंडी चालते, दुष्काळ चालतो, अंधार चालतो. कोल्ह्यानं पोट फाडलं, कुणी सुरी चालवली, नाकातून रक्त मातीत झिरपलं, की हा कारखाना सुरू.

बीजाणू एक मायक्रॉन रुंद, दीड मायक्रॉन लांब. खिशातून एक रुपयाचं नाणं काढा. त्यावर बीजाणूंचा एकच थर पसरला, एकावर एक न रचता, तर त्या नाण्यावर 25 कोटी बीजाणू मावतील. महाराष्ट्राची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास. दोन महाराष्ट्र एका रुपयावर, आणि तेही फक्त एका बाजूला!

आता मागे जाऊ, कारण 2016 ची साथ ही खरं तर लहान साथ होती. 1897 ते 1925 या काळात रशियाच्या उत्तरेकडे अँथ्रॅक्सनं पंधरा लाखांहून अधिक रेनडिअर मेले. पंधरा लाख! अठ्ठावीस वर्षांवर वाटले तर वर्षाला साडेत्रेपन्न हजार, दिवसाला 147, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. दिवस नाही, रात्र नाही, सण नाही, अठ्ठावीस वर्षं दर दहा मिनिटांनी एक जनावर खाली बसतं आणि उठत नाही. तुम्ही पुण्याहून डेक्कन क्वीननं निघून मुंबईला उतरेपर्यंत एकोणीस-वीस संपले. दोन मीटरच्या हिशेबानं ही पंधरा लाख जनावरं ओळीनं ठेवली तर तीन हजार किलोमीटर होतात. भारताचा दक्षिणोत्तर विस्तार 3,214 किलोमीटर. काश्मीरच्या वरच्या टोकापासून मेलेली जनावरं मांडत निघालो तर आपण जवळजवळ कन्याकुमारीला पोहोचतो.

गोठलेल्या जमिनीत खोल खड्डा खणता येत नाही. पहार मारली की ठिणगी उडते. त्यामुळे जिथं जनावर पडलं तिथंच ते राहिलं, फार तर वरवर माती आली. आज रशियात मेलेली गुरं पुरल्याच्या 13 हजारांहून अधिक जागांची नोंद आहे. सगळ्या अँथ्रॅक्सच्या नाहीत, सगळ्या उत्तरेतही नाहीत, पण आकडा समजून घ्या. महाराष्ट्रात 358 तालुके आहेत. एवढ्या जागा आपल्याकडे वाटल्या तर प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला 36 येतील. आणि ही झाली नोंद असलेली ठिकाणं.

या पंधरा लाख जनावरांनी मागे किती बीजाणू ठेवले असतील? आपण फार कंजूषपणे मोजू. साठ हजार कोटींपैकी लाखात एक जिवाणू बीजाणू होऊन टिकला असं धरू, बाकीचे सगळे मेले. तरी एका जनावरामागे उरतात साठ लाख. पंधरा लाख गुणिले साठ लाख. नऊ लाख कोटी! पृथ्वीवर आज आठशे कोटींच्या वर माणसं आहेत. दर माणशी हजाराहून जास्त बीजाणू आले!

श्वास रोखून धरा, कारण आता आकडा उलटा फिरणार आहे. हे नऊ लाख कोटी बीजाणू एका जागी गोळा करून नीट दाबून भरले तर त्यांना जागा किती लागेल? गोदाम? मालगाडीची वाघीण? निदान एखादा हौद? नाही. एक घन सेंटिमीटरमध्ये ते आठ-नऊशे अब्ज मावतात. सगळे मिळून होतात दहा-अकरा मिलिलिटर. चहाचे दोन चमचे. पंधरा लाख जनावरं, अठ्ठावीस वर्षं, काश्मीर ते कन्याकुमारी लांबीचा मृत्यू, आणि मागे उरलेलं बियाणं दोन चमचे, तेही अख्ख्या टुंड्राभर, म्हणजे उत्तरेच्या त्या गोठलेल्या माळरानभर, विखुरलेलं!

मग ते दोन चमचे शोधून धुऊन टाकू या ना, असं मनात येतं. धुऊन पाहिलंय. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ ग्रुइनार्ड नावाचं बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, ब्रिटिशांनी तिथं मेंढ्यांवर अँथ्रॅक्सचे प्रयोग केले. बेट इतकं बाधित झालं की माणसांना तिथं पाय ठेवायची बंदी आली. 1986 साली सफाई काढली. 280 टन फॉर्मल्डिहाइड दोन हजार टन समुद्राच्या पाण्यात मिसळून जमिनीवर फवारलं. 1990 साली बेट सुरक्षित ठरलं. एकूण 48 वर्षं. आणि बेट केवढं? 196 हेक्टर, म्हणजे 485 एकर. आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाचं शिवार!

आता हाच फवारा यमाल द्वीपकल्पावर मारायचा ठरवू. सगळा प्रांत नको, फक्त द्वीपकल्प, 1 लाख 22 हजार चौरस किलोमीटर. म्हणजे अशी 62 हजार बेटं. फॉर्मल्डिहाइड लागेल 1 कोटी 74 लाख टन. एका मालगाडीला 58 वाघिणी, एका वाघिणीत साठ टन, तर गाड्या लागतील पाच हजार. एक गाडी सातशे मीटर लांब. पाच हजार गाड्या एकामागे एक लावल्या तर साडेतीन हजार किलोमीटर. मुंबई ते दिल्ली आणि परत मुंबई एवढा रूळ भरला तरी सातशे किलोमीटर गाड्या उरतील! आणि पाणी? साडेबारा कोटी टन. आपली बऱ्यापैकी मोठी विहीर घ्या, वीस फूट व्यासाची, पाण्याची खोली दहा मीटर. अशा सव्वाचार लाखांहून जास्त विहिरी उपसाव्या लागतील. पुणेकरांना विहिरींपेक्षा धरण लवकर कळतं, म्हणून सांगतो, खडकवासला काठोकाठ दोनदा भरून उपसला तरी हे पाणी पुरणार नाही. आणि एवढं सगळं ओतलं तर टुंड्रावर ना शेवाळ राहील ना रेनडिअर. जमीन धुणं हा उपाय नाही, हे यातून कायमचं कळतं.

या सगळ्यात माश्यांचं गणित सांगायचं राहिलं, आणि ते सोडवत नाही. उष्ण दिवशी गोमाश्या उठल्या की कळप एकत्र येतो आणि गोल फिरू लागतो. हजारो जनावरांचं एक जिवंत जातं! बाहेरची पळतात, आतली हळूहळू सरकतात, वासरं मध्यभागी. कडेला असलेल्याला जास्त माश्या, मध्ये असलेल्याला कमी, म्हणून प्रत्येक जण आत घुसू पाहतो. अंगाला अंग घासतं, श्वासाला श्वास लागतो. माश्यांपासून वाचण्याची हीच युक्ती रोगाला रस्ता करून देते, कारण रक्त पिणारी माशी एका पाठीवरून उठून दुसरीवर बसायला अंतरच उरत नाही.

रेनडिअरच्या केसांवर अंडी घालणारी एक माशी तर वेगळीच. तिच्या अळ्या कातडीखाली दहा महिने राहतात, श्वासासाठी कातडीला भोक पाडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बाहेर पडतात. एका जनावरात शंभर अळ्या ही तिथं नवलाची गोष्ट नाही. एक अळी अडीच सेंटिमीटर. दहा हजारांच्या कळपात प्रत्येकी शंभर धरल्या तर दहा लाख अळ्या, आणि त्यांची लांबी 25 किलोमीटर. चर्चगेटहून निघालो तर अंधेरी मागे पडली!

बाकीचे रोग भराभर सांगतो. फिनलंडमध्ये 1973 साली डासांतून पसरणाऱ्या एका धागेदार कृमीनं हजारो रेनडिअर मेले, आणि 2003 नंतर तो पुन्हा उसळला. बर्फावर पाऊस पडून गोठला की खालचं शेवाळ काचेखाली गेल्यासारखं होतं. यमालमध्ये 2013 च्या हिवाळ्यात अशा कवचामुळे 61 हजार रेनडिअर उपाशी मेले. उत्तर युरोपात अशा वेळी पशुपालक जनावरं कुंपणात घेऊन चारा घालतात. ती भुकेनं मरत नाहीत, पण एकाच गव्हाणीवर तोंडं घासली गेली की डोळ्यांची आणि तोंडाची संसर्गजन्य दुखणी पसरतात. आणि नॉर्वेत 2016 सालीच, हो, त्याच वर्षी, नॉर्डफिएल्ला भागातल्या एका रानटी रेनडिअरमध्ये हरणांना झिजवत मारणारा प्रायॉन रोग युरोपात पहिल्यांदाच सापडला. त्याला ना लस, ना औषध. शेजारच्या कळपांना लागण होऊ नये म्हणून 2018 पर्यंत तिथला अख्खा कळप, दोन हजारांवर जनावरं, मारून टाकला. त्यांत रोगी किती निघाले? 19. एका रोग्यामागे शंभराहून जास्त निरोगी जनावरं गेली. हा निर्णय घेणाऱ्यांच्या जागी मला उभं राहावंसं वाटत नाही, पण त्यांनी तो घेतला याबद्दल मला आदर आहे.

अँथ्रॅक्सचं तसं नाही. अँथ्रॅक्सला लस आहे, आणि ती आजकालची नव्हे. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचं कारण हाच जिवाणू आहे हे 1876 साली दाखवून दिलं. लुई पाश्चर यांनी 1881 साली फ्रान्समधल्या पुई-ल-फोर इथं भर लोकांसमोर मेंढ्यांना लस टोचून ती वाचतात हे सिद्ध केलं. यमालमध्येही रेनडिअरना लस दिली जात होती. 2007 साली ती थांबवली. कारण? 1941 नंतर एकही साथ नव्हती. 66 वर्षं रोग दिसला नाही, म्हणून सुई खाली ठेवली.

नऊ वर्षं! नऊ वर्षांत कळप जवळजवळ पुरा बदलतो. म्हातारी जनावरं गेली, नवी जन्मली. 2016 च्या जुलैत मुंबई सेंट्रलपासून नवी दिल्लीपर्यंतची ती रांग उभी होती, आणि तिच्यातल्या बहुतेक जनावरांनी आयुष्यात सुई पाहिलेली नव्हती.

मग काय काय करावं लागलं ते पाहा. लष्कराच्या रासायनिक आणि जैविक संरक्षण दलाचे दोनशेवर जवान आले. हेलिकॉप्टरं आली. पशुपालकांची कुटुंबं तंबूंसकट हलवली. मेलेली जनावरं जाळली. प्रांताच्या गव्हर्नरनी तर कळप अडीच लाखांनी कमी करायचा प्रस्ताव मांडला. अडीच लाख! रोगानं मेलेल्या प्रत्येक रेनडिअरमागे आणखी शंभरावर जिवंत.

आणि लस द्यायला किती श्रम पडतात? एका जनावराला अर्धा मिनिट धरू. सात लाखांना साडेतीन लाख मिनिटं. एकच माणूस न झोपता टोचत बसला तर 243 दिवस. पन्नास माणसं लावली आणि रोज आठ तास काम केलं तर पंधरा दिवस. पंधरा दिवस! प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे मान्य. कळप अडीच महाराष्ट्रांत पसरलेले, ते गोळा करायचे, कुंपणात घ्यायचे, लस थंड ठेवून हेलिकॉप्टरनं पोहोचवायची. दुप्पट धरा, चौपट धरा, दहापट धरा. दहापट धरली तरी पन्नास माणसांचे पाच महिने. चंद्राच्या सात फेऱ्या, पाच हजार मालगाड्या, दोन खडकवासले आणि 48 वर्षं बंद पडलेलं बेट एका पारड्यात, पन्नास माणसांचे पाच महिने दुसऱ्यात. 2007 चा निर्णय चुकला, यात मला तिळमात्र शंका नाही. 2016 च्या साथीनंतर यमालमधल्या रेनडिअरचं लसीकरण पुन्हा सुरू झालं.

तुमच्या घरी गुरं, शेळ्या-मेंढ्या असतील आणि तुमच्या भागात फाशीची लस देत असतील, तर गेल्या दहा वर्षांत इथं रोग आला नाही म्हणून ती चुकवू नका. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येताना दिसलं, तर ते फाडू नका, सोलू नका, ओढून नेऊ नका. कुत्र्यांना आणि मुलांना लांब ठेवा आणि आधी पशुवैद्यकाला बोलवा.